मधल्या पानावरचं दुकान

बाबा, तुम्ही छापून आलात. कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे वगैरे नाही, तर ऐन मधल्या जोडपानावर, रंगीत, आणि आमच्या मासिकाच्या साऱ्या भाषांत. पत्राच्या सुरुवातीला माणूस आधी तब्येतीची विचारपूस करतो. तुमची तब्येत विचारण्याची वेळ कधीच टळून गेली, म्हणून ज्या गोष्टीची तुम्ही शेवटपर्यंत वाट पाहिली तीच आधी सांगून टाकते. खरं तर बातमी जुनी झाली आहे. त्या अंकाला बरीच वर्षं लोटली, मी निवृत्त झाले, केस रंगवायचेही सोडून दिले. पण परवा कपाट आवरताना तो अंक हाती आला आणि लक्षात आलं, की ही गोष्ट मी आईला सांगितली, दिल्लीतल्या शेजाऱ्यांना जेवायला बोलावून सांगितली, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगितली, आणि ज्याला सांगायची त्यालाच सांगितली नाही. आज मला फुशारकी मारायची आहे, बाबा, आणि ती पुरती कळेल असा माणूस तुमच्याशिवाय माझ्या ओळखीत कोणी नाही.

सेलूच्या आपल्या दुकानात काय नव्हतं? वह्या, पाट्या, शाईच्या बाटल्या, भोवरे, संक्रांतीच्या आधी पतंग, राखीच्या दिवसांत राख्या, आणि डाव्या भिंतीशी छातीएवढा उंच रचलेला रशियाच्या मासिकांचा गठ्ठा. तुम्ही त्या मासिकाचे गावातले एजंट. ते मराठीत निघे, कागद जाड नि गुळगुळीत असे, आणि किंमत इतकी थोडी की ते काढणाऱ्या सरकारला आपले पैसे नकोतच, आपलं मत तेवढं चांगलं हवं आहे, हे लहान पोरालाही कळावं. वाचायला म्हणून ते घेणारे गावात दोघंतिघं होते. बाकी सगळं गाव ते वह्यांच्या कव्हरांसाठी घेई. शाळा उघडायच्या आठवड्यात तर ओट्यावर पोरांची जत्राच भरे. मधल्या जोडपानाच्या पिना काढल्या की एवढा मोठा अखंड कागद हाती येई, की लांब वहीलासुद्धा तो पुरून उरे, म्हणून त्या पानाला मागणी फार. आणि तिथेच तुमची खोडी होती. पोराला पान नुसतं कापून दिलंय असं मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. आधी ते दोन्ही कोपऱ्यांना धरून वर उचलायचं, चित्र पोरांकडे करायचं, आणि चित्रातल्या माणसाची हकिकत सांगायची. ती ऐकल्याशिवाय कव्हर मिळत नसे. समोरच्या दुकानात खाकी कागद बिनबोभाट मिळत होता, तरी पोरं आपल्याचकडे येत.

त्यातली लाल रुमालवाली, जिच्या अंकाच्या उरलेल्या प्रती वर्षानुवर्षं पुरल्या, ती तर अख्ख्या सेलूच्या ओळखीची होती. डोक्याला लाल रुमाल बांधून, कापसाच्या शेतात ट्रॅक्टरवर बसलेली, हसताना एक दात थोडा पुढे दिसणारी बाई. चित्राखाली छापलेलं असे ते भलतंच: अमुक प्रजासत्ताकात कापसाचं उत्पादन किती वाढलं, योजनेतलं उद्दिष्ट कसं ओलांडलं. तुम्ही ते एकदा मनाशी वाचत, नाकातून 'हूं' करत, आणि सुरू होत. "हे बाई पाह्यली का? इले ट्रॅक्टर कोनं शिकवला, मालूम आहे? इच्या सासऱ्यानं. सासू बोलत नाई इच्याशी. तिचं म्हननं, घरची सून अन् मशीनवर बसून राह्यली? पन काल काय झालं..." काल! जणू सकाळीच तिकडून कोणी आपल्या स्टेशनवर उतरून सांगून गेलंय. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत उभी असतात, मागची पोरं टाचा उंचावतात, आणि तुम्ही बरोबर मोक्याच्या ठिकाणी पान खाली घेऊन दुमडायला लागता. पुढच्या जूनमध्ये तीच पोरं एक इयत्ता पुढे जाऊन येत आणि वही मागण्याआधी विचारत, "काकाजी, रुमालवालीची सासू बोलली का?" तुम्ही म्हणायचात, "बोलली. पन एकच शब्द." तो शब्द ऐकायचा तर आणखी एक कव्हर.

मीही ते सगळं खरं धरून चालले होते. सातवीत भूगोलाच्या तासाला मी त्या बाईच्या सासूची माहिती सांगितली आणि सगळा वर्ग हसला. घरी येऊन दप्तर आपटलं. "तुम्ही खोटं काऊन सांगता?" तुम्ही दोरा दातात धरून पतंगांच्या कण्या, आपल्याकडची मंगळसूत्रं, बांधत होता. दोरा काढलात आणि म्हणालात, "खाली लिहेल आकडा तुले आठवते का?" आठवत नव्हता. "अन् सासू?" ती आठवत होती. "मंग झालं त." एवढंच बोलून दोरा परत दातात. मला त्या दिवशी तुमचा राग आला होता, आणि पुढे सगळी नोकरी मी त्या दोन प्रश्नांवर काढली.

नव्वदीच्या सुरुवातीला तो देशच राहिला नाही. मासिक बंद झालं. दुसरा कोणी एजंट असता तर त्यानं हात झटकले असते. तुम्ही मात्र वर्ध्याच्या रद्दीवाल्याकडे जाऊन इतर एजंटांनी फुंकून टाकलेले जुने अंक टेम्पोत भरून आणलेत. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. आई चिडली. "देश बुडाला म्हनतेत, अन् तुम्ही त्याचे कागद घरात भरून राह्यले." तुम्ही शांतपणे गठ्ठा सरळ करत म्हणालात, "देश बुडाला त बुडाला. रुमालवालीनं काय केलं?" पुढची कितीतरी वर्षं, तो देश नकाशावरून गेल्यावरही, सेलूच्या पोरांच्या वह्यांवर ती बाई ट्रॅक्टर चालवत राहिली.

आणि त्याच सुमारास मला दिल्लीत नोकरी लागली, तीही नेमकी कुठे? परदेशांत आपल्या देशाची ओळख करून देणारी मासिकं, पुस्तिका, माहितीपट काढणाऱ्या सरकारी खात्यात. तिथून निघणारं मासिक रशियन, अरबी, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांत छापून आपल्या वकिलातींना जाई आणि वकिलाती ते तिकडच्या ग्रंथालयांत, शाळांत, दवाखान्यांत वाटत. नातेवाइकांना हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. एका मामांनी तर पासपोर्ट काढून देशील का म्हणून विचारलं. तुम्हाला एका वाक्यात कळलं. "म्हनजे तू आता आपली रुमालवाली तिकडं पाठवनार." आणि गल्ल्यामागे हात घालून तुम्ही ती लाकडी फूटपट्टी काढलीत, एका कडेला पितळेची पट्टी बसवलेली, जिच्यावर दाबून तुम्ही हजारो कव्हरांच्या घड्या पाडल्या असतील. "तुह्या हापिसात चांगली असंन, तरी ठेव." नागपूरच्या स्टेशनावर निरोप द्यायला आलात तेव्हा जेवणाच्या डब्याआधी पट्टी नीट ठेवली का ते विचारलं होतं तुम्ही.

पहिल्या सुट्टीत मी माझा पहिला अंक घेऊन आले. चित्रांखालच्या ओळी मी लिहिल्या होत्या, आणि त्यांचं फ्रेंच भाषांतर होऊन त्या छापल्या गेल्या होत्या. मला वाटलं होतं तुम्ही अंक कपाळाला लावाल. तुम्ही चष्मा पुसलात, पान उलटलंत. कापूस वेचणाऱ्या बाईचं चित्र होतं, आपल्याच पट्ट्यातलं. "हे कोन होय?" मी म्हटलं, महिला शेतमजूर. "ते त दिसून राह्यलं. कोन होय?" मी म्हटलं, तसं देत नसतो आम्ही, खाली उत्पादनाची माहिती देतो. तुम्ही अंक मिटून माझ्यासमोर ठेवलात. आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधी चढवत नव्हता. "एवढी शिकली तू, एवढ्या दूर गेली, अन् एक बाई वळखीची करून नाई देत आली तुले. तिकडचं पोरगं पाह्यनार कोनाकडे?" आई म्हणाली, लेकीनं दमून यावं अन् तुम्ही असं बोलावं. मी जेवले नाही. रागानं नाही, तुमचं म्हणणं पटलं होतं म्हणून.

मग तो फोटोचा दिवस आला. आपल्या जिल्ह्याचं काहीही हवं असलं की आमच्या खात्याला सेवाग्राम आठवायचं, आणि तिथल्या आश्रमाचं अंगण दर एकदोन वर्षांनी आमच्या मासिकात येऊन जायचं. त्या जूनमध्ये खात्याचा फोटोग्राफर तिथलं काम उरकून नागपूरकडे निघाला, मी सोबत होते, वाटेत मी गाडी सेलूत वळवली. चहा पाजते म्हटलं. शाळा उघडायचा आठवडा. स्वयंपाकघरात आई लेबलं चिकटवायची खळ शिजवत होती, मैद्याची, वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घातलेली, निळसर झाक असलेली. त्या पातेल्यात आपल्याकडे भाजी कधी झाली नाही. फोटोग्राफर दारातून डोकावला, त्याला वाटलं खीरच आहे. इकडची काहीतरी खास खीर असावी म्हणून त्यानं मोठ्या अदबीनं वाटी पुढे केली. आईनं पातेलं मागे ओढलं. "राहू द्या साहेब. मोरचूद आहे त्यात, मरान." तो इतका हसला की कॅमेरा भिंतीवर आपटता आपटता वाचला. हसत हसतच बाहेर ओट्यावर गेला, आणि तिथे तुम्ही रुमालवालीला दोन्ही कोपऱ्यांना धरून वर उचललं होतं. तुमचं तोंड बोलता बोलता उघडं, भुवया कपाळात, समोर पोरांच्या पाठी आणि तेल लावलेल्या वेण्या, मागे लटकलेल्या प्लास्टिकच्या बादल्या. त्यानं फोटो काढले ते तुम्हाला कळलंसुद्धा नाही. कळलं ते नंतर, आईनं सांगितल्यावर. मग मात्र तुम्ही सदऱ्याच्या गुंड्या लावल्या.

फोटो फार सुंदर आला होता. आणि तो छापला नाही. तेव्हाच्या संपादकांनी भिंगाखाली धरून पाहिला आणि म्हणाले, प्लास्टिकच्या बादल्या, थंड पेयाची पाटी, आणि वर हातात परक्या देशाचं मासिक. हे आपण परदेशात दाखवायचं? सेवाग्रामचं अंगण छापलं. तुमचा फोटो लिफाफ्यात गेला, लिफाफा कपाटात. तुम्ही चौकातल्या फोनवरून दर अंकाला विचारायचात, "आला का माहा फोटो?" मी म्हणायची, पुढच्या अंकात बघू. मग तुम्ही विचारायचं सोडून दिलंत, आणि ते मला जास्त लागलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते तेव्हा सलाइन बदलायला आलेल्या सिस्टरला तुम्ही सांगितलंत, "माह्या पोरीच्या पुस्तकात फोटो येनार आहे माहा, परदेशात." ती म्हणाली, "हो का काका, मंग बरे व्हा लवकर." तुम्ही झाला नाहीत. तुम्हाला पोचवून आल्यावर मी दुकानाचं शटर ओढलं आणि मनाशी एकच ठरवलं, की हा फोटो मी छापणार. कधी, कसा, काही माहीत नव्हतं. तेव्हा मी खात्यात कोणीच नव्हते.

वर्षं गेली. मी एकेक पायरी वर चढले. चित्राखालच्या ओळीत माणसाचं नाव, गाव, आणि त्याचं काहीतरी लक्षात राहील असं एक वाक्य घालायची सवय मी आधी स्वतःला आणि मग हाताखालच्यांना लावली. पण तुमचा फोटो पुढे केला की दर वेळी बादल्या आडव्या येत. आणि मग एके दिवशी मासिकच बंद करायचं निघालं. दोन हजारच्या दशकाचे मधले दिवस. सगळीकडे संगणक आले होते, छपाई कशाला, सगळं संकेतस्थळावर टाका, असा सूर होता. मोठ्या टेबलाभोवती बैठक भरली. आमच्या खात्याच्या प्रमुख एक करड्या शिस्तीच्या बाई होत्या, त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मासिकाविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून मध्य आशियातल्या आपल्या एका वकिलातीची तक्रार वाचून दाखवण्यात आली. तिकडचे अधिकारी लिहीत होते, की अंक इथे कोणी वाचत नाही. शिक्षक ते गठ्ठ्यानं नेतात आणि शाळेतली मुलं मधली पानं फाडून वह्यांना कव्हरं घालतात. सरकारी छपाईची ही नासाडी ताबडतोब थांबवावी.

बाबा, मी हसले. तोंडावर हात ठेवला तरी थांबेना. सगळी टेबलभर माणसं माझ्याकडे बघायला लागली. ती वकिलात ज्या देशात होती, तो पूर्वी रशियाच्याच पोटात होता. रुमालवालीच्या चित्राखाली ज्या प्रजासत्ताकाचं नाव छापलेलं असे, तोच हा देश. तिचं कव्हर सेलूत आलं होतं, आणि आता आमचं कव्हर तिच्या गावी गेलं होतं, आणि हे शहाणे त्याला नासाडी म्हणत होते. प्रमुख बाई थंडपणे म्हणाल्या, "इसमें हँसने की क्या बात है?" मी उभी राहिले. म्हटलं, मॅडम, आपल्याला यापेक्षा चांगली बातमी आजवर आलेली नाही. वाचलेला अंक माणूस बाजूला ठेवतो. कव्हर घातलेला अंक पोरगं वर्षभर छातीशी धरून शाळेत नेतं, घरी आणतं, उशाशी ठेवून झोपतं. माझ्या गावात अशी एकही वही नव्हती जिच्यावर एक परदेशी बाई नव्हती. तो देश संपला, तरी तिच्या सासूचं काय झालं हे आम्ही विचारत होतो. आपण पैसे खर्चून लोकांना आपला देश आठवावा म्हणून धडपडतो. तिकडची पोरं तो आपण होऊन वहीला गुंडाळून घेतायत, आणि आपण तक्रार करतोय?

मग मी तुमच्या लेकीनं करावं तेच केलं. पिशवीतून पट्टी काढली, ती माझ्याजवळ कायम असायची. टेबलावरचा अंक ओढला, मधल्या पिना नखानं उघडल्या, जोडपान सोडवलं आणि प्रमुख बाईंसमोरची त्यांची जाड टिपणवही मागितली. त्यांनी दिली, का दिली कोण जाणे. मी सगळ्यांसमोर तिला कव्हर घातलं. पट्टी दाबून घड्या पाडल्या, कोपरे आत घेतले, वही त्यांच्यापुढे ठेवली. चित्रात एक नर्तकी होती, आणि तिचं तोंड नेमकं वहीच्या पाठीवर, अर्धं इकडे अर्धं तिकडे गेलं होतं. म्हटलं, ही आपली चूक आहे, पोरांची नाही. चेहरा जोडपानाच्या उजव्या अर्ध्यात हवा, कडांना दुमडायला जागा सोडायला हवी, आणि चित्राची ओळ आतल्या घडीत जाणार नाही अशी वर घ्यायला हवी. एक अंक मला माझ्या पद्धतीनं काढू द्या. नाही जमलं तर खुशाल बंद करा. बाईंनी ती तुटकी नर्तकी उलटसुलट करून पाहिली. आणि मग, बाबा, त्या हसल्या. "ठीक है. एक अंक. फोटो कौन सा लेंगी आप?" मी म्हटलं, फोटो तयार आहे. तो बरीच वर्षं तयार आहे.

कपाटातून लिफाफा काढला. तुम्हाला उजव्या अर्ध्यात बसवलं, रुमालवालीसकट. बादल्या डावीकडे गेल्या, म्हणजे वहीच्या मागच्या बाजूला. एकही कापली नाही. अंक निघाला. पहिली प्रत मी स्वतः सेलूला नेली आणि आईच्या मांडीवर ठेवली. तिनं बराच वेळ बोटानं तुमचा चेहरा चाचपला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "सदऱ्याची गुंडी उघडीच आहे. मी म्हनलं होतं." मग उठून स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून बराच वेळ नाक पुसल्याचा आवाज येत राहिला.

काही महिन्यांनी त्याच वकिलातीतून पत्र आलं. त्याच अधिकाऱ्याचं. त्यांना जादा प्रती हव्या होत्या. सोबत एका शाळेतला फोटो होता: बाकांची रांग, बाकांवर वह्या, आणि वह्यांवर तुम्ही. ओळीनं तुम्ही, भुवया वर, तोंड उघडं, एका पोरीच्या कोपराखाली, एकीच्या हनुवटीखाली. मी तो फोटो घेऊन गच्चीवर गेले आणि मोठ्यानं म्हटलं, जिंकलो बाबा आपण. कबुतरांशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. पत्रात पुढे होतं, की मुलं एकच प्रश्न विचारतात. हे दुकानदार त्या पोरांना नेमकं काय सांगतायत? आणि त्यांच्या हातातली बाई कोण? मग पुढच्या अंकात, भारत सरकारच्या मासिकात, रशियन भाषेत, मी तुमची रुमालवाली छापली. ट्रॅक्टर शिकवणारा सासरा, अबोला धरलेली सासू, सगळं. शेवटी सासू एकच शब्द बोलली, आणि तो कोणता ते पुढच्या अंकात. मासिक मग बंद झालं नाही. मी निवृत्त होईपर्यंत तरी नाही. आणि ऐका, त्या शाळेतल्या एका पोरीनं वकिलातीमार्फत आम्हाला कळवलं, की कव्हरावरच्या चित्रात जिचं चित्र आहे ती माझी आजी आहे, आणि सासू तिच्याशी आधीपासूनच बोलत होती. खरंच तिची आजी असेल का? मला वाटतं नसावी. मला वाटतं पोरगी तुमच्याच पठडीतली आहे, आणि तिला दुकान काढून दिलं पाहिजे.

आता हे पत्र घडी करून मी त्या अंकात ठेवणार आहे, टपालात टाकणार नाही. पत्ता नाही हे तर आहेच. पण दुसरंही एक आहे, ते तुम्हालाच सांगते. तुमच्या फोटोखाली मी ओळ लिहिली: "सेलूचे हे दुकानदार रोज सकाळी दुकान उघडतात आणि प्रत्येक कव्हराबरोबर एक गोष्ट सांगतात." तुम्ही जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, शटरला गंज चढला होता. खात्यात ते कोणाला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. मग दर शाळा उघडताना तिकडून मुलांची पत्रं यायची, शेवटी एक ओळ ठरलेली असायची: दुकानदार काका कसे आहेत? आणि मी दर वर्षी, सरकारी कागदावर, खाली सही करून, उत्तर पाठवायची की मजेत आहेत.